खिसे तपासून

कपडे भिजवायच्या आधी खिसे तपासावेत,
आईनं शिकवलेलं राजकारण एवढंच.
पहिल्या वर्षात त्याच्या खिशात सापडलं ते असं:
वणीच्या हॉटेलचं बिल, तंबाखूची पुडी,
आणि अंगठ्याएवढी एक काळी वस्तू, दोरीत ओवलेली.
"ठेव तिथंच," तो म्हणाला. "डोंगल आहे. तुझी सही."

माझी सही.
मोटारसायकलच्या किल्लीसोबत ती रोज दिंडोरीला जायची
आणि मी सकाळी सातला द्राक्षांच्या विरळणीला.

बॅनरवर तो हात जोडून उभा होता,
मी त्याच्या कोपराशी, पासपोर्टएवढी,
आधार कार्डावरून उचललेली, डोळे अर्धे मिटलेली.
छापणारा म्हणाला, चालतंय वहिनी,
कोण बघतंय.

कार्यालयातल्या खुर्चीला चाकं आहेत.
पहिल्या दिवशी बसले तर मागं सरकली.
सगळे हसले. मीपण हसले.
नंतर लोक यायचे, खुर्चीला नमस्कार करायचे
आणि दारात उभ्या असलेल्या त्याच्याशी बोलायचे.

एकदा नाशिकला प्रशिक्षण होतं.
नवरे हॉलबाहेर, त्यांना चहा आधी.
मॅडमनं माइक फिरवला: नाव सांगा,
फक्त स्वतःचं.
पेठची एक बाई, अख्ख्या लग्नघराला उखाण्यांनी हसवणारी,
तिथं अडखळली.
"भागीरथी," म्हणाली. पुढचं काही लावायचं नाही
म्हटल्यावर तिला थांबताच येईना,
म्हणून परत म्हणाली, "भागीरथी."
कुणी हसलं नाही.

परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात घेऊन पाहिलं.
गिरजा.
म्हसरूळ येईपर्यंत.

फेब्रुवारीत शर्ट भिजवताना ती पुन्हा हाताला लागली.
तो झोपलेला, रात्री कुणाच्या तरी हळदीला नाचून आलेला.
गेले तशीच, ओल्या हातानं.
कॉम्प्युटरवरची कांचन म्हणाली, पिन?
मग स्वतःच सांगितला, खाली बघत:
माझ्या थोरल्याच्या जन्माचं साल.
पडद्यावर सोळा बिलं, सगळ्यांवर माझी सही.
सतरावं थांबलेलं.
पेव्हर ब्लॉक, वरची वस्ती, काम पूर्ण, चार लाख बारा हजार.

वरच्या वस्तीवर मी राहते.
त्याच वाटेनं पाणी आणते. चप्पल तुटली
की खडी कोणती, मुरूम कुठला, तळव्यांना कळतं.
"यात नाही कसं म्हणायचं गं?"
"काहीच करायचं नाही ताई. काढून घ्यायचं."
मी काढून घेतलं.

पुढच्या महिन्यात अविश्वास ठराव आला.
कारणं टाइप केलेली: मनमानी कारभार,
सदस्यांना विश्वासात न घेणे, उद्धट वर्तन.
उद्धट मी दोनदा वाचलं.
आजवरच्या टपालात हा पहिला कागद
ज्याच्यावर नाव नुसतं माझं होतं.

नऊजणांत सात हात लागतात.
तहसीलदारांनी मोजले सहा.
सातवा भामाबाईचा, अर्ध्यात,
आणि खिडकीबाहेर तिचा मुलगा, टाचा उंचावून.
"बाई, हात वर आहे की खाली?"
"पदर सावरतेय साहेब," भामाबाई म्हणाली
आणि सावरतच राहिली,
साहेबांनी पेनला टोपण लावेपर्यंत.

घरी कुणी बोललं नाही.
दीर ताटावरून उठून गेला.
उद्या भामाबाईला तिच्या घरात काय ऐकावं लागेल
ते मला माहीत आहे, आणि माझ्याकडं त्याला ठराव नाही.

आता मोरीत तो स्वतःचा शर्ट स्वतः धुतोय,
दिवा न लावता,
खिसे उलटे करकरून.
धुऊ दे.
ती नागलीच्या डब्यात आहे, तळाशी.
पिन मी बदललाय.
माझ्या जन्माचं साल आईला ठाऊक नव्हतं,
आधारवरचं मास्तरांनी अंदाजानं टाकलेलं,
म्हणून एक मीच ठरवलं.